अंकांत मांडलेला राक्षस : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील राक्षसरचनेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वाचकाला राक्षस भेटतो तो कथेतून. कीर्तनात, दशावतारी खेळात वा आजीच्या गोष्टीत त्याचे रूप बरेचसे ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोपवलेले असते. गेल्या पन्नास वर्षांत मात्र राक्षसवर्णनाचा एक निराळा लेखनप्रकार जगभर रूढ झाला असून आपल्या साहित्यविचाराने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातून हा प्रकार जन्मास आला. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक निवेदक असतो, त्यास ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. निवेदक प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलून दाखवतात आणि यशापयशाचा निर्णय प्रामुख्याने वीस बाजूंच्या फाशावर होतो. पात्रांसमोर येणाऱ्या राक्षसांच्या नोंदी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात छापलेल्या असतात. परंतु निवेदकाने स्वतःचा राक्षस रचावा, ही या खेळाची आरंभापासूनची अपेक्षा आहे.

प्रस्तुत लेखात या नोंदीकडे साहित्यसंहिता म्हणून पाहावयाचे आहे. राक्षस रचणे म्हणजे खेळाडूंपुढे एक अट ठेवणे होय, ही या लेखाची भूमिका आहे. आकडे, रूप व नाव या गोष्टी त्या अटीच्या सेवेत असाव्यात. जेथे त्या अटीची जागा घेतात तेथे रचना फसते, आणि भारतीय परंपरेतून उचललेल्या ‘राक्षस’ या नोंदीच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे.

आकड्यांची मर्यादा

राक्षसरचनेची शास्त्रशुद्ध म्हणता येईल अशी पद्धत २०१४ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये दिलेली आहे. राक्षस किती इजा सोसू शकतो (हिट पॉइंट्स) आणि त्यास घाव लागणे किती कठीण आहे (आर्मर क्लास) यांवरून त्याची बचावात्मक पातळी काढावयाची. पहिल्या तीन फेऱ्यांत तो सरासरी किती इजा करतो यावरून आक्रमक पातळी काढावयाची. दोहोंची सरासरी म्हणजे त्याचे ‘चॅलेंज रेटिंग’. रेटिंग १ च्या राक्षसास ७१ ते ८५ हिट पॉइंट्स आणि दर फेरीस ९ ते १४ इजा, असे कोष्टकच तेथे आहे. चार खेळाडूंच्या त्याच पायरीवरील गटास असा राक्षस झेपावा, हा हिशेब.

हा हिशेब उपयुक्त आहे. परंतु सरासरी या संकल्पनेचा दोष त्यात पुरेपूर उतरला आहे. बचाव १ आणि आक्रमण ७ असलेल्या राक्षसाची सरासरी ४ येते. बचाव व आक्रमण दोन्ही ४ असलेल्याचीही ४ च. पहिला राक्षस मात्र एका फेरीत ४५ ते ५० इजा करतो. चौथ्या पायरीवरील मांत्रिकाचे हिट पॉइंट्स पंचविशीच्या आसपास असतात. ती सगळी इजा त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली, तर त्या खेळाडूचा त्या संध्याकाळचा खेळ पहिल्या पाच मिनिटांतच आटोपतो. कोष्टकाच्या दृष्टीने दोन्ही राक्षस समान आहेत. टेबलाभोवती बसलेल्यांच्या दृष्टीने एक चकमक आहे आणि दुसरा अपघात.

याउलट, या खेळातील जे राक्षस रसिकांच्या स्मरणात टिकले ते बहुधा आकड्यांमुळे टिकलेले नाहीत. ‘रस्ट मॉन्स्टर’ हे त्याचे उत्तम उदाहरण. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या एका खेळण्यावरून गायगॅक्स यांनी तो कल्पिला. त्याच्या मिशांचा स्पर्श होताच लोखंड गंजते आणि तो गंज तो खातो, एवढेच त्याचे सामर्थ्य. माणसास तो फारशी इजा करीत नाही. तरीही अजस्र राक्षसांवर धावून जाणारा चिलखतधारी योद्धा त्यास पाहून मागे सरतो, कारण येथे पणाला लागते ती महिनोन्महिने खेळून मिळवलेली तलवार. आता लाकडी दांडके घेऊन लढावे, चिलखत उतरवून ठेवावे, की खिळ्यांची पिशवी फेकून पळावे? अट एका वाक्याची आहे, पण तिच्यातून पाच खेळाडूंचे पाच स्वभाव प्रकट होतात. ‘जिलेटिनस क्यूब’ हा दहा फुटी पारदर्शक घनही असाच. तळघराचे नकाशे ज्या आलेखकागदावर काढले जात त्यातील बोळ दहा फूट रुंद असत आणि हा प्राणी तो बोळ काठोकाठ भरून सरकत येतो. जागा आणि राक्षस यांचे इतके काटेकोर नाते कथावाङ्मयातही क्वचितच आढळते.

‘राक्षस’ या नोंदीचा प्रवास

या पार्श्वभूमीवर ‘राक्षस’ या नोंदीचा इतिहास उद्बोधक आहे. ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या डिसेंबर १९७४ मधील एका भागात शिकागो शहरात वावरणारा राक्षस दाखवला होता. बळी ज्याच्यावर विश्वास ठेवील अशा व्यक्तीचे रूप तो घेतो आणि मंत्रून पवित्र केलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. वर्षभरात, १९७५ मध्ये, हाच राक्षस खेळाच्या नियतकालिकात आला आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर यांच्या रेखाचित्राने त्यास कायमचे रूप दिले : वाघाचे डोके, अंगात उंची कोट, हातात पाइप. (लंकेतील कोणा राक्षसाने विलायती पाइप ओढल्याचे निदान वाल्मीकींना ठाऊक नव्हते!) पुढील आवृत्त्यांत उलटे तळहात आले. २०१४ च्या आवृत्तीत तो नरकातून आलेला सैतान ठरला : रेटिंग १३, हिट पॉइंट्स ११०, सहाव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांचा परिणाम नाही, आणि सज्जनाने वापरलेल्या जादुई शस्त्राच्या टोकाने दुप्पट इजा.

या नोंदीस सरसकट नाकारणे अन्यायाचे होईल. विश्वासू माणसाचे रूप घेणे हा भिक्षेकरी रावणाचा आणि सुवर्णमृग झालेल्या मारीचाचा धर्म आहे. खेळात तो आणल्याने प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याविषयी संशय निर्माण होतो व ती अट खरोखर नाट्यपूर्ण आहे. बाणाची अट मात्र पोकळ वाटते. हाच बाण का, याचे उत्तर कथेत नाही. एकदा पुस्तक वाचलेल्या खेळाडूस ते गुपितही उरत नाही. हिरण्यकशिपूच्या वराशी तिची तुलना करावी. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणूस नाही, पशू नाही. येथे मृत्यूची वाट वराच्या शब्दांतच दडलेली आहे, आणि ती शोधणे म्हणजे भाषा बारकाईने वाचणे होय.

महाभारतातील घटोत्कच या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. द्रोणपर्वात चौदाव्या दिवसाचे युद्ध रात्रीही चालू राहते, राक्षसांचे बळ रात्री वाढते आणि घटोत्कच कौरवसैन्य उधळून लावतो. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते. सैनिकांच्या आक्रोशामुळे ती त्यास येथेच खर्चावी लागते. घटोत्कच पडतो, पण पडतानाही देह वाढवून एक अक्षौहिणी सेना चिरडतो, आणि पांडव शोकात असताना कृष्ण मात्र आनंदतो. राक्षसाच्या रचनेचे याहून चांगले उदाहरण कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. प्रतिपक्षाने जे उद्यासाठी जपले आहे ते आज खर्च करावयास लावणे, हे त्याचे कार्य आहे. त्याचे हिट पॉइंट्स किती, हा प्रश्नच गौण ठरतो.

नोंदीतील दुसरा आक्षेपार्ह भाग ‘अलाइनमेंट’चा. राक्षस ‘शिस्तबद्ध दुष्ट’ असा शिक्का तेथे आहे. बिभीषण, हिडिंबा, मंदोदरी यांना या व्याख्येत जागा नाही. मूळ महाकाव्यांत राक्षस हे कुळ आहे व त्या कुळात जन्मूनही धर्माचा निर्णय प्रत्येकास स्वतः करावा लागतो. खेळाच्या प्रकाशकांनी ऑर्क व ड्रो या जमातींच्या सरसकट दुष्टत्वाविषयी २०२० मध्ये फेरविचार जाहीर केला खरा. परंतु सैतानांच्या वर्गात टाकलेल्या राक्षसास त्या फेरविचाराचा फारसा उपयोग नाही. आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. २००० पासून या खेळाचे मूलभूत नियम मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले, तेव्हा ‘बिहोल्डर’ व ‘माइंड फ्लेअर’ हे स्वनिर्मित राक्षस कंपनीने आपली मालमत्ता म्हणून वगळले. ‘राक्षस’ मात्र सर्वांसाठी खुला ठेवला. जे परंपरेचे ते कोणाचेच नाही, असा या व्यवहाराचा अर्थ होतो. त्यामुळे खुल्या नियमांवर राक्षस रचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याच्या हाती पडते ती वाघाच्या डोक्याची आवृत्ती.

वेताळाची अट

मग आपल्याकडील सामग्रीतून राक्षस कसा रचावा? वेताळपंचविशीतील वेताळ घेऊन पाहू. त्याची अट प्रसिद्ध आहे : उत्तर ठाऊक असूनही गप्प बसल्यास डोक्याची शकले होतील, बोलल्यास वेताळ पुन्हा झाडावर जाईल. फाशाने हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण विक्रमाला ‘ठाऊक आहे’ की नाही हे फासा सांगू शकत नाही. येथे रचनाकाराने नियम घडवला पाहिजे. निवेदकाने कूटकथा सांगावी. वेताळ खांद्यावर घेतलेल्या खेळाडूने आपले उत्तर आधी चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवावे व मगच बोलायचे की नाही ते ठरवावे. चिठ्ठी कोरी असेल तर मौन निर्धोक. लिहिलेली असेल तर मौन प्राणघातक. बाकीचे खेळाडू मोठ्याने तर्क लढवीत असताना, ते उत्तर ऐकू नये म्हणून कान झाकून बसलेला खेळाडू, हे दृश्य कोणत्याही चकमकीइतकेच थरारक होईल.

अर्थात अडचणी आहेत. परंपरेत शेवटच्या प्रश्नाला राजापाशी खरोखरच उत्तर नसते, आणि त्या अज्ञानामुळेच तो जिंकतो. प्रसन्न झालेला वेताळ मग कपटी योग्याचा बेत त्यास सांगतो. जिंकण्यासाठी आलेल्या खेळाडूस न कळण्याचे बक्षीस कसे द्यावे, हे कोणत्याही कोष्टकात नाही. अलाइनमेंटच्या रकान्यात काय लिहावे, हेही सुटत नाही. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा हा वेताळच. तो गावाचा राखणदार आहे, आणि भाविक त्यास केळी व चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. कोकणातील विद्यार्थ्यांच्या गटात हा खेळ मांडणाऱ्या निवेदकाने वेताळाचे हिट पॉइंट्स लिहावयास घेतले, तर त्यांपैकी कोणीतरी त्यास मारता कसे येईल, असे विचारणारच. तो रकाना कोरा ठेवूनही राक्षसाची नोंद पूर्ण होते.