माळवदाचा गुन्हा कोणता?

रोहित जिज्ञासू यांनी २००२ साली नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या विद्यापीठास सादर केलेला प्रबंध मराठवाडा व नेपाळ येथील भूकंपप्रवण खेड्यांविषयी आहे. बांधकामावरील इंग्रजी प्रबंधाची दखल साहित्याच्या नियतकालिकाने का घ्यावी, असे काही वाचक विचारतील. ढेलज, ओसरी, खण, माळवद हे शब्द ज्या घरांच्या आश्रयाने जगले, ती घरेच आता मोडीत निघत आहेत. त्यांचा हिशेब कोणी मांडला असेल, तर तो वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे भिंतींखाली गाडली गेली. तेव्हापासून दगडमातीच्या घरावर मारेकऱ्याचा शिक्का बसला. तो निराधार नाही. भिंत दिसायला एक, दोन-अडीच फूट रुंद. पण आतून ती दोन. बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये चिखल व दगडांचा चुरा. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच. धक्का बसताच थर फाकले. माथ्यावर माळवदाची माती, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढवलेली. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी हीच माती त्या पहाटे अंगावर आली. परंतु छप्पर लाकडी खांब-तुळयांवर तोललेले होते, अशा अनेक ठिकाणी भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहिला. साक्ष अशी दुहेरी आहे.

आपत्तीचे मूळ केवळ धक्क्यात नाही, दीर्घकाळ चाललेल्या बदलांतही आहे, हे लेखकाचे प्रतिपादन आम्हांस मान्य आहे. लाकूड दुर्मीळ झाले, जाणते कारागीर कमी झाले. मात्र ‘स्थानिक ज्ञान’ हा शब्द आम्ही जपून वापरू. आरपार दगड न घालणे हीदेखील स्थानिक रीतच होती. परंपरेचे गोडवे गाताना ते विसरणे मृतांवर अन्याय ठरेल.

उलट बाजूही तपासावी. पूर्णपणे स्थलांतरित झालेल्या ५२ गावांना सरळ रस्ते व रांगेतील घरे मिळाली. जनावरे, कडबा, आल्यागेल्याची बैठक यांचा विचार आराखड्यात तोकडाच पडला. लोकांनी पुढे पत्र्याच्या पडव्या काढून तो स्वतः केला.

म्हणूनच जुन्या घरांची नोंद करताना नक्षीदार दाराच्या छायाचित्रावर थांबू नये. भिंतीचा गाभा, मातीची जाडी, खांब-तुळईचा सांधा मोजावा. आरपार दगड बसवणे, माळवदाची माती कमी करणे, सांध्यांना तिरके आधार देणे हे उपाय किल्लारीनंतरच्या मजबुतीकरणात अवलंबिले गेले. पण अशा प्रबंधाची भाषा इंग्रजी. गावच्या गवंड्याला त्याचा काय उपयोग? आमची खरी तक्रार ही आहे.

आणि धोका एकट्या लातूरचा नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीजवळच्या धक्क्याने नांदेडही हादरले, तेव्हा पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवा, असे प्रशासनास सांगावे लागले. माळवद गेले, पत्रा आला. वजन मात्र पुन्हा डोक्यावरच.