खच्ची बैल आणि घडवलेला उंदीर

गोऱ्हा खच्ची केला की त्याची मस्ती उतरते, हे आमच्या लासुर्ण्याच्या पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथीही त्यामुळे आक्रसते, हे मात्र गोठ्यातून दिसत नाही. ते अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने नोंदवले. पुढे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी म्हाताऱ्या कुत्र्यांवर प्रयोग केले. वृषणे काढली की वाढलेली ग्रंथी लहान होई. १९४१ मध्ये त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी हाच उपाय कर्करोग पसरलेल्या रुग्णांवर केला आणि गुण आला. १९६६ चे नोबेल हगिन्स यांना मिळाले. पुरुष-संप्रेरक रोखणारे आजचे उपचार याच वाटेने आले.

प्राण्यांवरील प्रयोगांचे समर्थक हे उदाहरण हटकून देतात आणि ते रास्तच आहे. माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. ग्रंथी कशावर जगते, एवढेच हगिन्स यांनी विचारले होते. रोग मुळात सुरू कसा होतो, हा प्रश्न निराळा. आणि त्यासाठी निवडलेला उंदीर अडचणीचा. त्याला प्रोस्टेटचा कर्करोग आपणहून जवळजवळ होतच नाही. त्याची ग्रंथी सुट्या खंडांची, माणसाची एकसंध. कुत्र्याला हा रोग होतो, पण तो म्हातारा होईपर्यंत पोसायचा कुणी?

म्हणून उंदीर घडवला गेला. १९९५ मध्ये नॉर्मन ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रॅम्प’ उंदीर मांडला. माकडांतल्या एसव्ही-४० विषाणूचे जनुक प्रोस्टेटमध्येच चालू होईल, अशा बेताने त्याच्यात घातले होते. काही महिन्यांत हमखास कर्करोग! प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाला हे सोयीचे. पण माणसात हा रोग बहुधा साठी-सत्तरीत दिसतो, तोही वर्षानुवर्षे दबा धरून. २००३ च्या सुमारास प्रोस्टेटमधून पीटेन हे जनुक काढलेले उंदीर आले. ते मला सरस वाटतात, कारण माणसाच्या गाठींतही ते जनुक बऱ्याचदा हरवलेले असते. तरी पहिला घाव कुठे घालायचा, हे तिथेही आपणच ठरवलेले.

इथे कमल रणदिवे आठवतात. जन्म पुण्याचा, १९१७ चा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळाचा पेशी-आनुवंशिक अभ्यास केला. नंतर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या शुद्ध वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचे काम. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांची सांगड त्यांनी तपासली. रोग त्या उंदरांचा स्वतःचा होता. ठोकून बसवलेला नव्हता. पैदास राखून वंश पाहणे शेतकऱ्याला लगेच उमगेल. अर्थात उंदरीच्या दुधातून पिलांत जाणारा तो विषाणू माणसातल्या रोगाचे कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. त्यामुळे जुने तेवढे सोने, असे मी म्हणत नाही.

यात नुकसान कुणाचे? २००४ मध्ये ‘लेडी’ नावाच्या, अशाच घडवलेल्या उंदरांवरचा एक निबंध आला. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि लायकोपीन दिलेल्या उंदरांत कर्करोग खूप कमी झाला. त्या वेळी अमेरिकेत ‘सिलेक्ट’ ही चाचणी २००१ पासून चालूच होती. पस्तीस हजारांवर पुरुष त्यात होते. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम, सुटे आणि एकत्र. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ चा निष्कर्ष असा, की नुसते जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. उंदरांना दिलेले मिश्रण वेगळे होते, हा बचाव करता येतो. मग त्या मिश्रणाच्या जोरावर माणसाला गोळी सुचवणेही तितकेच कच्चे ठरते.

‘उंदरांवर यशस्वी’ अशा मथळ्याचे कात्रण घेऊन शेजारचे एक साठीचे शेतकरी माझ्याकडे आले होते. ‘‘घेऊ का सुरू?’’ म्हणाले. उसाचे बेणे घेताना ते वाण ८६०३२ आहे का, हे दहादा विचारतात. मी कात्रण दोनदा वाचले. उंदीर कोणत्या वंशाचा, किती महिन्यांचा, रोग आपणहून झालेला की घातलेला, यातले काहीच त्यात छापलेले नव्हते.