शेंदराखालचा दगड खरंच किती जुना?

अकोल्याहून अमरावतीकडे आडरस्त्यानं निघा, एखाद्या गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड दिसतोच. कुठं मरीमाय, कुठं मारोती. आणि सोबतचं कोणीतरी सांगतंच, "हा हजारो वर्षांचा आहे." खरंच का?

या समजुतीला अभ्यासाचं बळ दिलं ते दामोदर धर्मानंद कोसंबींनी. गणिताचा हा प्राध्यापक पुण्याच्या आसपास पायी हिंडला. देवांच्या उघड्या ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारं सापडली. १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त त्यांनी मांडलं की ही ठाणी गुराख्या-धनगरांच्या प्राचीन वाटांवर आहेत. देवांची नावं बदलली, जागा टिकल्या. पुस्तक वाचाच. घरात बसून पुराणं चाळण्यापेक्षा रानात जाऊन बघा, हे त्यांनी शिकवलं.

पण माझी अडचण इथंच सुरू होते. दोन गोष्टी एकाच जागी सापडल्या म्हणून एक दुसरीची वारस ठरत नाही. पाणी आणि चालायला सोपी वाट जिथं, तिथं अश्मयुगातला माणूसही थांबला असेल आणि धनगरही. मधल्या हजारो वर्षांचं काय?

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातला सँत-उझेकचा उभा दगड बघा. नवाश्मयुगातल्या या दगडावर १६७४ मध्ये क्रूस आणि येशूच्या छळाची साधनं कोरली. इथं जुनं काय, नवं काय, ते कळतं. तरी मधल्या काळात लोक त्याला पूजत होते का, हे दगड सांगत नाही.

आपल्याकडं नागपूरजवळच्या माहूरझरीची दगडी वर्तुळं लोहयुगातली मानतात, ती खोदकामात लोखंडी वस्तू आणि घोड्यांचे सांगाडे मिळाले म्हणून. शिवेवरच्या दगडाखाली आपण कुठं खणलंय?

मग शेंदूर खरवडायचा का? अजिबात नाही. तो थर म्हणजेच गावानं पिढ्यान्‌पिढ्या केलेली नोंद आहे, आणि ती पुसून मिळणारं वय मला नको. त्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, "आजी, हा दगड इथं कोणी आणला?" ती कदाचित म्हणेल, "माह्या सासऱ्यानं." तर तेच लिहा. साठ वर्षांच्या देवालाही लोक मनापासूनच नारळ फोडतात.