चारूला केव्हा कळलं? ‘नष्टनीड’ आणि ‘चारुलता’

कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांची तुलना म्हटली की श्रोत्यांपैकी कुणी तरी आधीच निकाल घेऊन आलेलं असतं: पुस्तकच बरं होतं. त्या निकालाशी मी भांडत नाही. मला फक्त खटला नीट चालवायचा आहे, म्हणून एकच प्रकरण घेतो. रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ ही १९०१ साली ‘भारती’ मासिकात आलेली दीर्घकथा, तिला लघुकादंबरीही म्हणतात, आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९६४ साली केलेला ‘चारुलता’.

ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. कलकत्त्याचा भूपती, घरचा श्रीमंत, इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो आणि त्यात आकंठ बुडालेला असतो. बायको चारू. घरात नोकरचाकर, त्यामुळे तिला काम नाही, मूल नाही, वाचनाची मात्र आवड आहे. भूपतीचा आतेभाऊ अमल कॉलेजात शिकतो, कविमनाचा आहे. दीर-भावजय मिळून वाचतात, लिहितात, बाग करायचे बेत रचतात. चारूचा भाऊ उमापद भूपतीला पैशात बुडवतो. अमल निघून जातो. मग नवऱ्याला कळतं की बायकोचं मन त्याच्याबरोबर गेलं आहे.

आता माझा प्रश्न. आपण अमलवर प्रेम करतो, हे चारूला केव्हा कळलं?

रवींद्रनाथांचं उत्तर आहे: फार उशिरा. निवेदकाला कळलेलं असतं, आपल्याला कळलेलं असतं, चारूला कळलेलं नसतं. उमापदची बायको मंदा अमलशी गप्पा मारते याचा चारूला राग येतो, पण त्या रागाचं कारण ती भलतंच समजते. अमल विलायतेला गेल्यावर जे दुःख अंगावर येतं, त्यानं ती स्वतःच चकित होते. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला इथे थांबावंच लागतं. देकार्तच्या वळणाचा विचार सांगतो की माझ्या मनात काय चाललं आहे ते मला थेट दिसतं. इतरांबद्दल मी चुकेन, स्वतःबद्दल कसा चुकेन? ‘नष्टनीड’ म्हणते, खुशाल चुकाल. आणि त्याचं कारणही दाखवते. दीर-भावजय या नात्यात थट्टा चालते, रुसवा चालतो, हट्टानं काही मागणं चालतं. आपल्याकडेही चालतं की! त्या नात्याच्या नावाखाली एवढं सगळं मावतं की चारूला दुसरा शब्द शोधायची गरजच पडत नाही. प्रेमाला लपायला जागा घरानंच दिली. (इथे काही जण विचारतात, चारू म्हणजे रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरी देवी का? १८८४ साली त्यांनी आत्महत्या केली, हे खरं आहे. पण त्या चौकशीनं कथेतलं एकही वाक्य जास्त समजत नाही, असा माझा अनुभव आहे.)

आता कॅमेऱ्याची अडचण बघा. ‘तिला ठाऊक नव्हतं’ हे वाक्य लेखक सहज लिहितो. याचं चित्र कसं काढणार? चेहरा दाखवाल तर प्रेक्षक म्हणणार, कळलंय तिला. पडद्यामागून निवेदकाचा आवाज घालता आला असता. राय यांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी चारूला डोळे दिले.

चित्रपटाची पहिली काही मिनिटं आठवा. जवळजवळ संवादच नाहीत. माधवी मुखर्जी रुमालावर भरतकाम करते आहे, मग पुस्तक काढते, मग ऑपेरा ग्लास घेऊन एका खिडकीच्या झडपेतून दुसऱ्या खिडकीशी धावत रस्त्यावरची माणसं पाहते. एवढ्यात भूपती पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो. त्याचं लक्षही नाही. ती तीच काच डोळ्याला लावून नवऱ्याची पाठ पाहते. हे रवींद्रनाथांकडे नाही. आणि तरीही चारूच्या रिकाम्या दिवसांबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते सगळं यात आहे.

पुढे बागेतला झोपाळा. अमल सतरंजीवर पालथा पडून लिहितोय, चारू झोके घेते आहे. ती काचेतून शेजारच्या घरातली एक आई आणि तिचं मूल पाहते, मग काच अमलकडे वळवते. मग काच खाली येते आणि तिच्या चेहऱ्यावरून काही तरी सरकतं. माझ्या मते, त्या क्षणी तिला कळलं. म्हणजे रवींद्रनाथांनी जे ज्ञान अमल गेल्यानंतर दिलं, ते राय यांनी अमल समोर असतानाच दिलं. एवढ्या एका बदलानं सगळं पात्रच बदलतं. कथेत चारूचं लिखाण अमल छापायला देतो, आणि दोघांतलं गुपित चव्हाट्यावर आलं म्हणून ती दुखावते. चित्रपटात ती ईर्ष्येनं स्वतः लिहिते, स्वतः पाठवते, आणि छापून आलेला अंक घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. कथेतली चारू वाहत जाते, पडद्यावरची चारू चालत जाते.

असे बदल केले म्हणून तेव्हा बंगालीत राय यांच्यावर टीका झाली, आणि त्यांनी तिला सविस्तर लेखी उत्तरही दिलं. बदल केला हा गुन्हा नाही. बदल कशासाठी केला, ते पाहायचं. शरदबाबूंच्या ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखी कधी भेटतच नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ साली त्यांना वाटेत एकमेकींसमोरून न बोलता जाऊ दिलं. त्या नजरेतून काही सांगितलं जातं. २००२ साली भन्साळींनी दोघींना एकत्र नाचवलं. नाच देखणा आहे. पण दोघींच्या एकटेपणाचं काय झालं?

आता ‘चारुलता’बद्दलची माझी तक्रार. अमल गेल्यानंतरचा भाग. चित्रपटात तो भराभर उरकतो: समुद्रकिनारा, नव्या वर्तमानपत्राचा बेत, अमलचं पत्र, चारूचा आवरेनासा झालेला हुंदका, आणि दारातून तो ऐकणारा भूपती. कथेत हा काळ लांबलचक आहे, आणि मला विचाराल तर कथा खरी तिथेच आहे. चारू दिवसभर नीट संसार करते आणि मनाच्या तळाशी गुप्तपणे शोक जपते. आणि भूपती? वर्तमानपत्र बंद पडलेला हा माणूस बायकोला आवडावं म्हणून बंगालीत साहित्य लिहायला बसतो! ज्याला राजकारणाखेरीज काही सुचत नव्हतं, तो चोरून निबंध लिहून बायकोपुढे धरतो. हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. चारू दागिने गहाण टाकून विलायतेला तार करते, तिचं उत्तर भूपतीच्या हाती पडतं, आणि मग त्याला उलगडा होतो. शैलेन मुखर्जींचं काम उत्तम आहे. घोडागाडीत बसून ते तोच भरतकामाचा रुमाल डोळ्यांना लावतात, तेव्हा गलबलून येतं. पण तो आघात एका संध्याकाळचा आहे. कथेतला भूपती महिनोन्‌महिने प्रयत्न करून हरतो. ते हरणं दोन तासांच्या चित्रपटात बसवणं अवघड होतं, हे मान्य. तरी ते गेलंच.

शेवट दोघांचेही प्रसिद्ध आहेत. चित्रपटात भूपती परत येतो, चारू हात पुढे करते, तोही करतो, आणि हात भिडण्याआधीच चित्र गोठतं. पडद्यावर ‘नष्टनीड’ ही अक्षरं येतात. घरटं मोडलं म्हणतात, पण हात तर अजून पुढे आहेत. राय यांनी फट ठेवली.

रवींद्रनाथांकडे भूपती म्हैसूरला संपादकाच्या नोकरीवर निघालेला आहे. चारू म्हणते, मलाही घेऊन चला. तो तिच्याकडे पाहतो आणि त्याला कळतं की तिला त्याच्याबरोबर जायचं नाही, अमलच्या आठवणींनी भरलेल्या या घरातून पळायचं आहे. आणि परक्या गावात, दिवसभर राबून आल्यावर, दुसऱ्यासाठी झुरणारं माणूस रोज संध्याकाळी जवळ घेऊन बसायचं? तो नाही म्हणतो. मग तिचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहून म्हणतो, चल. आता चारूच नको म्हणते. कथा तिथेच संपते.

भूपतीचं पहिलं नाही म्हणणं निर्दयी होतं का? वर्गात यावर मुलं-मुली दरवर्षी भांडायची. मला ते निर्दयी वाटत नाही. तो पहिल्यांदाच खरं बोलला. आणि चारूचा नकार मानी आहे, असंही पुष्कळ जण म्हणतात. असेल. मला त्यात दुसरं दिसतं. त्याचं नंतरचं ‘चल’ दयेतून आलं आहे, हे तिनं त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. कथाभर स्वतःचं मनही न वाचता आलेली ही बाई शेवटच्या ओळीत नवऱ्याचं मन अचूक वाचते, आणि त्यासाठी तिला काच लागत नाही.