भयानक रस आणि ‘सापडलेली’ चित्रफीत

अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी एक असे की, समोरचा प्रसंग अमुक स्थळी, अमुक काळी, अमुक व्यक्तीवर ओढवला आहे, हे मर्यादित भान प्रेक्षकाच्या मनातून सुटत नाही. ते सुटले नाही तर भय हे केवळ भयच राहते. त्याचा भयानक रस होत नाही. गेल्या पाव शतकात अल्प खर्चात निघालेल्या भयपटांच्या एका प्रकाराने नेमके हे विघ्नच आपले साधन केले आहे. बेपत्ता झालेल्या माणसांनी टिपलेले चित्रण पुढे कोणास तरी सापडले व ते जसेच्या तसे दाखविले जात आहे, अशी या चित्रपटांची बतावणी असते. स्थळ सांगितलेले असते, तारीख दिलेली असते. कित्येकदा पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचे आकडेही पळत असतात. साधारणीकरणाची वाट इतक्या दक्षतेने अडवूनही हे चित्रपट मनाचा ठाव घेतात. ही अस्वस्थता कलेच्या कक्षेत येते काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

कन्नडमध्ये या जातीचा चित्रपट २०१३ साली आला. के. एस. अशोक यांच्या ‘६-५=२’मध्ये सहा तरुण रानावनात पदभ्रमणास निघतात, आणि त्यांचे काय झाले हे त्यांनीच सोबत नेलेला कॅमेरा सांगतो. आरंभीची त्यांची थट्टामस्करी कंटाळवाणी आहे. परंतु ती तशी आहे म्हणूनच खरी वाटते. कुशल संवादलेखकाने ती खुलविली असती, तर पुढचे सारे भय उणावले असते. बंगळूरच्या प्रेक्षकाला ही पुराव्याची भाषा परकी नव्हती. याच शहरात १९९०च्या दशकात अशी वदंता पसरली होती की, रात्री एक चेटकीण आप्तांच्या आवाजात हाक मारीत दारोदार हिंडते. तिला परतविण्यासाठी लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. चेटकीण कोणी पाहिली नव्हती, पण अक्षरे मात्र साऱ्यांना दिसत होती. आपल्या भीतीचा लेखी दाखला लोकांनी आपल्याच हाताने, फुकटात, तयार केला होता.

या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने. त्याचे मूळ चित्रीकरण काही हजार डॉलरांत उरकले. तिन्ही नटांनी स्वतःच कॅमेरे हाताळले, स्वतःचीच नावे धारण केली. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही. शेवटी एक तरुण भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा असतो, एवढेच दिसते. दारिद्र्य येथे नाइलाज म्हणून आलेले नाही. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, नेटकी चौकट यांतून एरवी प्रेक्षकाला सतत आश्वासन मिळत असते की, कोणीतरी रचनाकार आहे आणि हे सारे त्याच्या ताब्यात आहे. हे आश्वासनच येथे काढून घेतलेले असते. या बतावणीची किंमत मात्र नटांना मोजावी लागली. प्रसिद्धीसाठी त्यांना खरोखरच बेपत्ता ठरविण्यात आले होते, आणि २०२४ साली त्यांना मानधनातील न्याय्य वाट्यासाठी जाहीर पत्र काढावे लागले. काल्पनिक मृत्यूला खरे नाव जोडणे हे निव्वळ तंत्र नव्हे, याचा विचार या चित्रपटांचे चाहते क्वचितच करतात.

भयानक रसाचे उदाहरण म्हणून अभिनवगुप्त ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाचा श्लोक घेतो. मान वळवून मागच्या रथाकडे पुनःपुन्हा पाहणारे ते हरीण भ्यालेले आहे, आणि सुंदरही आहे. परंतु तो श्लोक दुष्यंताच्या तोंडी आहे. हरिणाचे भय आपण पाहतो ते पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांनी, रथात सुरक्षित बसून. ‘ब्लेअर विच’मध्ये आपल्याला रथातून खाली उतरविले जाते. हिंदकळणारा, धापा टाकणारा, मागे वळून काहीच न दिसणारा कॅमेरा म्हणजे हरिणाची वळलेली मान होय. दृष्टी बदलली की सौंदर्य नाहीसे होते. उरते ती पळणाऱ्याची अपुरी दृष्टी. हे भय त्या तिघांपुरते राहत नाही, कारण त्या तिघांविषयी आपल्याला जवळपास काहीच सांगितलेले नसते. तारीख-स्थळाचा तपशील साधारणीकरणाला अडवीत असला, तरी चौकटीबाहेरचा अंधार ते घडवून आणतो. हे विघ्न ओलांडले जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. जे चित्रपट अखेरीस भूत संपूर्ण दाखवितात ते अर्थातच यातून वगळावेत. त्यांत पुन्हा रंगभूषाकार आठवतो.

ही उपपत्ती एका ठिकाणी मात्र अडते. ओरेन पेली यांनी सॅन डिएगोतील स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत केलेल्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’त, जे दृश्य मनातून जात नाही त्यात कोणी पळत नाही. शयनगृहात कॅमेरा स्थिर ठेवलेला आहे. जोडपे झोपलेले आहे. स्त्री उठते आणि जोडीदाराच्या उशाशी नुसती उभी राहते. कोपऱ्यातले आकडे भराभर पळतात, तास उलटतात, ती उभीच असते. येथे ना हरीण आहे, ना दुष्यंत. पाहणारा कोणी नसतानाच ते पाहिले गेले आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने सहृदयाची कल्पना केली, नटाची केली. ज्या दृष्टीला हृदयच नाही तिची कल्पना करण्याचे कारण त्याला पडले नव्हते. आज तशी दृष्टी इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यामागील गल्ल्यांत फाटकाफाटकावर लावलेली आढळते. रस्त्यावरचा गजबजाट ओसरल्यावर ती करड्या रंगात रिकामी गल्ली टिपीत राहते, कोपऱ्यात आकडे पळत असतात, आणि घरातली माणसे झोपलेली असतात. चोरी झाली नसेल तर ते चित्रण सकाळी कोणी उघडूनही पाहत नाही.