अरण्य मांडलेले दुकान

बंदूक म्हटले की मला आधी पावती आठवते. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी वडिलांच्या नावावर एक ठासणीची बंदूक होती. भातात उतरणारी रानडुकरे आणि नारळांवर येणारी माकडे हाकलण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना होता. निवडणूक जाहीर झाली की वडील ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि मिळालेली पावती देवघराच्या फळीवर पंचांगाखाली ठेवायचे. बंदूक क्वचितच वाजली. पावत्या मात्र साठत गेल्या. ‘बंदूक खरेदीला जाऊ’ असे वाक्य आमच्या घरात मी कधी ऐकले नाही. परवाना ‘काढायचा’ आणि बंदूक ‘सांभाळायची’, एवढेच माहीत.

म्हणून गेल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात मुलीकडे असताना एका शनिवारी जावई म्हणाला, “बाबा, येताय? बंदुका बघून येऊ,” तेव्हा मी चमकलो. फ्रिज बघायला जावे तसा त्याचा सूर होता. त्याचे ग्रीन कार्ड नुकतेच झाले होते आणि मागच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या होत्या. मुलीचा विरोध होता. नातू पाच वर्षांचा आहे. मी गेलो तो निवाडा करायला नव्हे, दुकान बघायला. पण दुकान हीसुद्धा एक संहिता असते. काय दारात ठेवले, काय आत ठेवले, कशावर दिवा सोडला आणि कशाचा उल्लेखच टाळला, यातून ती बोलत असते. ती संहिता वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

हॅम्बर्ग या छोट्या गावाजवळ, आंतरराज्य महामार्ग ७८ च्या कडेला ‘कॅबेलाज’चे हे दुकान २००३ मध्ये उघडले. क्षेत्रफळ अडीच लाख चौरस फुटांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सहा एकर छताखाली. आत शिरल्यावर पहिल्यांदा माल दिसत नाही; दिसतो डोंगर. कृत्रिम खडकांवर पेंढा भरलेले प्राणी उभे आहेत. पलीकडे काचेच्या प्रचंड टाकीत जिवंत मासे फिरताहेत. मुले काचेला नाक लावून उभी, आजोबा-आजी बाकांवर. पेशवे पार्कात किंवा राणीच्या बागेत रविवारी जशी गर्दी असते तशीच ही गर्दी. सवलतीच्या मालाच्या कोपऱ्यालाही ‘गुहा’ म्हणतात. जुन्या, संग्राह्य बंदुकांच्या लाकडी तावदानांच्या दालनाचे नाव ‘गन लायब्ररी’. नावांची ही निवड सहज झालेली नाही. डोंगर, गुहा, ग्रंथालय: निसर्ग, साहस आणि विद्या यांतून गिऱ्हाईक पुढे सरकते आणि मग काउंटरशी पोहोचते.

या दुकानांचा इतिहासही दुकानातच सांगितला जातो, आणि तो खरोखर रंजक आहे. १९६१ मध्ये नेब्रास्कातल्या चॅपेल या गावातल्या डिक कॅबेला यांनी मासेमारीच्या बनावट माश्या विकायला काढल्या. एका डॉलरला बारा, अशी जाहिरात वायोमिंगमधल्या एका वृत्तपत्रात दिली; उत्तर एकच आले. मग त्यांनी मजकूर बदलला: पाच माश्या फुकट, फक्त टपाल-हाताळणीचे पंचवीस सेंट पाठवा. ऑर्डरी येऊ लागल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्नी मेरी आणि नंतर भाऊ जिम यांच्यासह चाललेला हा धंदा पुढे जाडजूड कॅटलॉगचा आणि मग महादुकानांचा झाला. दुसरीकडे मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये १९७२ साली जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूला आठ फूट जागेत मासेमारीचे सामान मांडले; त्यातून ‘बास प्रो शॉप्स’ उभे राहिले. २०१५ मध्ये याच कंपनीने मेम्फिस शहरातल्या रिकाम्या पडलेल्या पिरॅमिडच्या आकाराच्या क्रीडागृहात दुकान थाटले. तिथे सायप्रसची दलदल आहे, मगरींचे नातलग अ‍ॅलिगेटर आहेत आणि राहायला हॉटेलही आहे. २०१७ मध्ये बास प्रोने कॅबेलाज विकत घेतले.

ही कथा इथे संपवली तर ती गाव, कुटुंब आणि कष्ट यांची कथा राहते. पण पुढचे पान दुकानात लावलेले नसते. कॅबेलाजचे मुख्यालय नेब्रास्कातल्या सिडनी या सात हजारांहून कमी वस्तीच्या गावात होते. विक्रीनंतर तिथल्या सुमारे दोन हजार नोकऱ्यांपैकी बहुतेक गेल्या. शिवाय ही दुकाने पर्यटक आणतील या आशेवर अनेक शहरांनी आणि राज्यांनी रोखे व करसवलतींच्या रूपाने सार्वजनिक पैसा त्यांच्यामागे उभा केला. स्वावलंबी रानगड्याचे हे मंदिर बऱ्याच अंशी सरकारी वर्गणीतून बांधलेले आहे.

आता मुख्य मुद्दा. दुकान दाखवते शिकारी. दुकान विकते कोणाला? प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले; शिकार हे प्रमुख कारण ३२ टक्क्यांनी. २०१६ च्या सरकारी पाहणीनुसार देशात शिकारी होते सुमारे १ कोटी १५ लाख. २०२० या महासाथीच्या आणि अस्वस्थतेच्या वर्षात मात्र शस्त्रखरेदीशी संबंधित संघराज्य यंत्रणेतल्या पार्श्वभूमी-चौकशा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. एक चौकशी म्हणजे एक बंदूक असे नव्हे. परवान्यांसाठीच्या चौकशाही त्यात येतात. तरीही कल स्पष्ट आहे. त्या वर्षी हरणे वाढली नव्हती. भीती वाढली होती.

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, असे आपण म्हणतो. इथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः आहे. डोंगरावर अस्वल आहे, हरीण आहे, रानमेंढा आहे. ज्याच्या भीतीने माणूस पिस्तूल घेतो तो मध्यरात्रीचा अनोळखी माणूस कुठेच नाही. त्याचा पुतळा उभा केला असता तर मुलांना घेऊन कोणी आले नसते. शिकारीची प्रतिमा या दुसऱ्या विक्रीला निरागसपणा उसना देते, हे माझे या दुकानाविषयीचे मुख्य निरीक्षण आहे.

कायद्यातही तीच फट सापडते, आणि ती आपल्या लोकांशी थेट संबंधित आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला, म्हणजे एच-वन-बी वर गेलेल्या आपल्या हजारो मुलामुलींना, अमेरिकी संघराज्य कायद्याने एरवी बंदूक घेता येत नाही. पण काही अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो खिशात असेल तर मनाई उठते. घेतलेली बंदूक रानात गेली की पलंगाशेजारच्या खणात, याची विचारणा नाही. म्हणजे शिकार हे दुकानाचे दार आहे, तसे कायद्याचेही दार आहे.

इथवर आल्यावर मला माझ्याच पूर्वग्रहाची झडती घ्यावी लागली. शिकारी म्हणजे निसर्गाचा शत्रू, असे १९७२ च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्यासारख्याला वाटते. अमेरिकेत हे इतके सरळ नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका व दारूगोळ्यावर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के उत्पादनकर लागतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि रानटर्की यांच्या पुनरागमनात या पैशाचा मोठा वाटा आहे. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई, तेव्हा अनेक शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो. आपल्याकडे गणपतीत चाकरमानी गावी जातो, तसा तिथला माणूस त्या दिवशी वडिलांबरोबर रानात जातो. हे सारे ढोंग म्हणून झटकणे म्हणजे आळशी टीका होईल.

मात्र या कराचेही गणित बदलले आहे. तो शिकाऱ्याच्या रायफलीवर लागतो तसाच घरात ठेवायच्या पिस्तुलावरही लागतो. खरेदीदार बदलला, कर तोच राहिला. म्हणजे आज अरण्याच्या रक्षणाचा मोठा खर्च शेजाऱ्याच्या भीतीतून निघतो. दुकानातल्या डोंगराला यामुळे एक अनपेक्षित सत्यता येते: डोंगर आणि पिस्तूल खरोखरच एका हिशेबात आहेत, फक्त गिऱ्हाइकाला सांगितले जाते त्या रीतीने नव्हे.

याच परिसरात, दुकानापासून फार दूर नाही अशा एका कड्यावर ‘हॉक माउंटन’ आहे. शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी तिथून दक्षिणेला जातात आणि एके काळी लोक कड्यावर उभे राहून त्यांना गंमत म्हणून टिपत. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी सुमारे १४०० एकर जागा भाड्याने घेतली, राखणदार नेमला आणि गोळीबार थांबवला. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. दुर्बिणी घेतलेली माणसे कातळावर गप्प बसली होती. त्यांच्या अंगावर तेच जाकीट, पायांत तेच बूट: आदल्या दिवशीच्या दुकानात मिळतात तसेच. तेव्हा दोष साधनसामग्रीच्या दुकानाचा नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो तंबू, गळ आणि पिस्तूल यांना एकाच टोपलीतल्या वस्तू म्हणून मांडण्याचा.

काउंटरवर जावयाने माहिती विचारली तेव्हा कळले की अर्ज काही पानांचा आहे. ४४७३ क्रमांकाचा हा संघराज्य अर्ज. खरा खरेदीदार तुम्हीच ना? कौटुंबिक हिंसेत दोषी ठरला आहात का? गांजा घेता का? राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्य कायद्याने तो बेकायदा आहे, अशी ताकीदही सोबत. पिस्तुलासाठी राज्याचा वेगळा अर्ज. पेनसिल्व्हेनियात चौकशी राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून होते. बहुधा काही मिनिटांत उत्तर येते. वडिलांच्या परवान्याला तलाठी, पोलीस पाटील, ठाणे आणि कचेरी यांच्या किती खेपा पडल्या, ते आईला पाठ होते.

आपली पद्धत शहाणी आणि त्यांची वेडी, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मी आवरतो. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्याखालचा परवाना गरजेपेक्षा वजनावर मिळाल्याची उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात ऐकायला मिळतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी शिक्षा लिहावी लागली. फरक वेगळाच आहे. आपल्याकडे बंदूक मागणाऱ्याला ‘कशाला हवी?’ असे विचारतात. तिथे ‘तुला मनाई आहे का?’ एवढेच विचारतात. पहिल्या प्रश्नात सत्तेची मिजास आहे; दुसऱ्यात माणसाच्या गरजेविषयी संपूर्ण मौन आहे. ते मौन दुकानाच्या सजावटीने भरून निघते.

दुकानांना यात काही करता येत नाही, असेही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. त्यानंतर ‘डिक्स स्पोर्टिंग गुड्स’ने लष्करी धाटणीच्या रायफली विकणे थांबवले आणि बंदूक घेण्याचे किमान वय २१ केले. त्या मारेकऱ्याला आपण पूर्वी एक बंदूक कायदेशीरपणे विकली होती, हे कंपनीला आढळले होते; हत्याकांडात ती वापरली गेली नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोतल्या आपल्याच दुकानात हत्याकांड झाल्यावर वॉलमार्टने पिस्तुलांच्या गोळ्या विकणे बंद केले. काय मांडायचे आणि काय नाही, हा दुकानाचा निर्णय असतो. म्हणूनच मांडणीची टीका करता येते.

आणि त्या मांडणीतली सर्वांत मोठी उणीव मला परतीच्या वाटेवर लक्षात आली. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा बंदुकीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस होता. डोंगरावरचे अस्वल आणि मनातला चोर या दोघांपेक्षा घरातल्या माणसाची एखादी वाईट रात्र अधिक घातक ठरते, हे सांगणारे दालन त्या सहा एकरांत मला दिसले नाही.

जावयाने त्या दिवशी काही घेतले नाही. त्याने आणली ती एक माहितीपत्रिका आणि नातवासाठी छोटी गळकाठी. रात्री जेवताना त्याने सांगितले की पिस्तुलाबरोबर कुलूप द्यावेच लागते, तसा कायदा आहे. मुलीने विचारले, “आणि ते लावायचा कायदा आहे?” संघराज्याचा तसा कायदा नाही, हे त्याला माहीत होते. ती म्हणाली, “कुलूप लावलं तर चोर आल्यावर उपयोग काय? आणि नाही लावलं, तर हा आहे ना घरात.” नातू पानातली पोळी मोडत होता.

जावई काही बोलला नाही. माहितीपत्रिका अजून त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे, असे मुलगी परवा फोनवर म्हणाली.