इंजिनाच्या कपाळीचा डोळा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा त्यातल्या सहा दृश्यांत आगगाडीच्या आगमनाचेही एक दृश्य होते. अशा चित्रात प्रेक्षक जणू फलाटावर उभा असतो आणि गाडी त्याच्याकडे येते. गतीचा तो साक्षी असतो, भोक्ता नसतो. रेल्वेप्रवासाच्या आद्य अनुबोधपटांचे खरे कर्तृत्व त्यापुढल्या पावलात आहे. त्यांनी कॅमेरा फलाटावरून उचलून गाडीवर चढवला आणि साक्षीला प्रवासी केले.

या तजविजीचे बीज पाण्यावर सापडते. ल्युमिएरांचा छायाचित्रकार अलेक्झांद्र प्रोमिओ याने १८९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यातून जाणाऱ्या नावेत कॅमेरा ठेवला. यंत्र आपल्या तिवईवर निश्चल, आणि काठावरचे प्रासाद मात्र चालू लागले. पुढल्याच वर्षी ल्युमिएरांच्या यादीत जेरुसलेमहून सुटणाऱ्या गाडीच्या मागल्या टोकावरून घेतलेले चित्र आले. ते जेमतेम पाऊण मिनिटाचे आहे. गाडी संथपणे फलाट सोडते. तुर्की टोपीतली, युरोपीय पोशाखातली माणसे एकामागून एक नजरेसमोरून दूर सरतात, आणि त्यांतला एखादा टोपी उचलून निरोप देतो. त्याचे नावगाव आपल्याला ठाऊक नसते, तरी तो निरोप आपल्यालाच आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच १८९७ साली अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनीने हडसन नदीकाठच्या हॅवरस्ट्रॉ बोगद्याचे चित्र इंजिनाच्या पुढल्या अंगावरून घेतले. त्यात इंजिन दिसत नाही, हाकणारा दिसत नाही; बोगद्याचे काळे तोंड वाढत वाढत पडदा गिळून टाकते, आणि मग पलीकडचा उजेड हळूहळू उमलतो. कोणा अदृश्य शक्तीने ओढून न्यावे तशा या सफरीस ‘फँटम राइड’ हे नाव पडले, ते सार्थच होते.

परंतु नुसत्या पाहण्यावर लोकांचे फार दिवस भागले नाही. १८९९ मध्ये इंग्लंडात जी. ए. स्मिथ याने डब्यातील दांपत्याच्या चुंबनाचा एक तुकडा तयार केला, तो खेळ करणाऱ्यांनी बोगद्याच्या चित्रामध्ये जोडावा म्हणून. संकलनकलेच्या बाल्यातली ही मोठी पायरी होय. कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचा माजी प्रमुख जॉर्ज हेल याने तर १९०४–०५ च्या सुमारास डब्यासारखे नाट्यगृहच उभारले. दाराशी तिकीट तपासनीस, आत हेलकावणारी आसने, चाकांचा खडखडाट, आणि समोर पडद्यावर धावता मुलूख! पहिल्या प्रयोगाने चित्रपटाला कथेकडे नेले, दुसऱ्याने जत्रेकडे. आणि दोहोंच्या गर्दीत, ज्याच्यासाठी हा खटाटोप आरंभिला तो खिडकीबाहेरचा देश मागे पडू लागला.

तो देश पुन्हा पुढे आणणारी कृती, माझ्या मते, बिली बिट्झरची. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या भुयारी रेल्वेत त्याने एका गाडीमागून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीवर कॅमेरा बसविला आणि शेजारच्या रुळावरून दिव्यांनी भरलेली तिसरी गाडी चालविली. लोखंडी खांबांच्या फटींतून तो प्रकाश तुटत तुटत पुढच्या डब्याच्या पाठीवर पडतो. यात ना कथा, ना विनोद. तरीही सुमारे पाच मिनिटे नजर हलत नाही, कारण अंधार आणि उजेड यांचा क्रमच तिथे नाट्य होऊन बसतो.

मूकपटाच्या अखेरच्या पर्वात या परंपरेला बुद्धिमान वारस लाभले. १९२७ मध्ये वॉल्टर रुटमान याने बर्लिनवरील आपल्या चित्रपटाचा आरंभ शहराकडे धावणाऱ्या गाडीने केला. १९२९ मध्ये व्हिक्टर तुरिन याने तुर्कस्तान-सायबेरिया लोहमार्गाच्या उभारणीचा ‘तुर्कसिब’ रचला. रुटमानची रूळ, तारा, चाके यांची गुंफण तेजस्वी आहे. मात्र तिच्यातून वेग हाती येतो, मुलूख नव्हे. तुरिनने लोहमार्गाचे प्रयोजनच विषय केले, म्हणून त्याच्या चित्रात वाळवंट, कापूस आणि तहानलेली जमीन यांना पुन्हा मुखे फुटली.

या कृतींपैकी काही आज उरल्या त्या दप्तरी शिस्तीमुळे. अमेरिकेत १९१२ पर्यंत चित्रपटासाठी हक्कनोंदणीची स्वतंत्र तरतूद नव्हती, म्हणून निर्माते प्रत्येक चौकट कागदावर उमटवून छायाचित्र या सदराखाली दाखल करीत. ज्वालाग्राही फिती नष्ट झाल्या, कागद राहिला. पण राखलेली वस्तू नीट दाखविणे हेही जतनच होय. सेकंदाला सुमारे १६ चौकटींच्या गतीने घेतलेले चित्र २४ च्या गतीने फिरविले, की ५० सेकंदांचा प्रवास ३३ सेकंदांत उरकतो आणि माणसे बाहुल्यांसारखी उड्या मारू लागतात. जेरुसलेमच्या फलाटावरील त्या गृहस्थाने टोपी सावकाश उचलली होती; ती तितक्याच सावकाश उचलली जाईल एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे, कारण त्या संथपणातच त्याचा निरोप आहे.